लहान कॅमशाफ्टच्या बाजूने

जुन्या गाडीचं इंजिन नव्याने बांधायला काढलं की बहुतेक लोक आधी कॅमशाफ्ट निवडतात. माझं मत असं, की तो सगळ्यात शेवटी निवडावा, आणि जो मनात भरलाय त्याहून एक माप लहान घ्यावा. आज एवढ्याच विषयावर लिहिणार आहे. वाळवंटातल्या उन्हाळ्याबद्दल आणखी लिहा म्हणून काही वाचकांनी कळवलं होतं, तो लेख पुढच्या वेळी. इथे पारा ४५ च्या वर आहे. वर्कशॉपचं काम पहाटे पाचला सुरू करून अकराला थांबवतो, आणि दुपारच्या सक्तीच्या विश्रांतीत सध्या माझ्या डोक्यात एकच गाडी फिरतेय. ती गाडी इथून बारा-तेरा हजार किलोमीटरवर, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, एका गॅरेजात स्टँडवर उभी आहे आणि तिचं इंजिन बाहेर काढून ठेवलंय.

गाडी १९६८ ची पॉन्टियॅक जीटीओ. काही वर्षांपूर्वी मी कॅन्ससमधल्या फोर्ट लेव्हनवर्थला, अमेरिकी सैन्याच्या कमांड अँड जनरल स्टाफ कॉलेजात कोर्सला होतो. तिथे आमच्या स्टाफ ग्रुपमध्ये एक रणगाडा दलाचा मेजर होता. आम्ही दोघेही ग्रीस लागल्याशिवाय रविवार साजरा न करणारे, त्यामुळे लवकर जमलं. आता तो निवृत्त होऊन कोलोरॅडो स्प्रिंग्जला राहतो. गाडी त्याच्या वडिलांची. ते व्हिएतनामहून परत आल्यावर साठवलेल्या पगारातून त्यांनी ती घेतली होती. मुलं लहान असताना ते दर सप्टेंबरात त्यांना तिच्यातून पाइक्स पीक नावाच्या डोंगरावर घेऊन जायचे. मग गाडी बंद पडली आणि वीसेक वर्षं ताडपत्रीखाली राहिली. म्हातारबुवा आता ऐंशीच्या घरात आहेत. गुडघे गेलेत, क्लच दाबवत नाही, पण शेजारच्या सीटवर बसून एकदा त्या डोंगरावर जायचंय. पुढच्या सप्टेंबरात. त्याच्या पुढच्या सप्टेंबराबद्दल घरात कुणी बोलत नाही.

इंजिन बांधायच्या पद्धतीवरून दोन भावांत मात्र जुंपली आहे. धाकट्याला मोठा कॅम हवाय. इंजिन बांधून देणारा स्थानिक कारागीर त्याच्या बाजूचा. ‘साडेचारशे हॉर्सपॉवरचा कागद हातात देतो’ असं त्याने सांगितलंय. थोरल्याने, म्हणजे माझ्या मित्राने, मला लिहिलं. राजस्थानात बसून कोलोरॅडोतल्या इंजिनावर बोलणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. इथे उंटांची कमतरता नाही, त्यामुळे बोलतो.

आधी या गाडीबद्दल थोडं, कारण ‘मसल कार’ हा शब्द आपल्याकडे सिनेमातून आला आणि त्याबरोबर बरेच गैरसमजही आले. जनरल मोटर्सचा १९६३ साली नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टियॅकमधल्या जॉन डीलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. १९६४ च्या टेम्पेस्ट गाडीला वेगळं मॉडेल न म्हणता ‘ऐच्छिक पॅकेज’ म्हणून ३८९ घन इंचांचं, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचं इंजिन दिलं. नाव फेरारीच्या जीटीओवरून उचललं. मोठ्या गाडीचं इंजिन छोट्या गाडीत, किंमत तरुणाच्या आवाक्यात, बस्स. यात शर्यतीच्या गाडीचं नाजूक तंत्र काही नव्हतं. या गाड्यांची ताकद आली ती आकारमानातून. १९६८ च्या जीटीओचं ४०० घन इंचांचं इंजिन कागदावर ३५० हॉर्सपॉवरचं, पण मला त्यातला दुसरा आकडा जास्त आवडतो: ४४५ पाउंड-फूट टॉर्क, तोही फक्त ३००० आरपीएमवर. म्हणजे इंजिन निवांत फिरत असतानाच ते सगळ्यात जोरात ओढतं.

आकड्यांच्या भानगडी तेव्हापासूनच्या आहेत. १९६४ च्या मार्चमध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने पॉन्टियॅक जीटीओ आणि फेरारी जीटीओ यांची तुलना मुखपृष्ठावर छापली आणि पॉन्टियॅकच्या वेगाचे आकडे पाहून अमेरिका थक्क झाली. पुढे अनेक वर्षांनी जाहिरातीची बाजू सांभाळणाऱ्या जिम वँगर्स यांनीच सांगून टाकलं, की त्या गाडीत ३८९ च्या जागी ४२१ घन इंचांचं इंजिन घातलेलं होतं. पॉन्टियॅकची ही इंजिनं बाहेरून जवळजवळ सारखीच दिसतात. हॉर्सपॉवरच्या आकड्याकडे पाहताना मला ही गोष्ट नेहमी आठवते.

आता कॅम. इंजिनातले व्हॉल्व्ह कधी उघडायचे, किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, हे ठरवणारा हा दांडा. क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन ५००० आरपीएमवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला चाळीसपेक्षा जास्त वेळा उघडतो आणि मिटतो. एवढ्या घाईत हवेला आत शिरायला वेळच कमी मिळतो. म्हणून पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाला तरी इन्टेक व्हॉल्व्ह काही काळ उघडाच ठेवतात. हवेलाही वजन असतं. वेगात आलेली हवा पिस्टन वर येत असतानाही मागच्या रेट्याने आत घुसत राहते.

दादर स्टेशनावर संध्याकाळी साडेसहाची लोकल आठवा. गाडी हलली तरी मागच्या गर्दीचा रेटा चार माणसं आणखी आत कोंबतो. तेच दार दुपारी दोन वाजता तसंच उघडं राहिलं, तर कुणी कोंबलं जात नाही, उलट दारातला माणूस उतरून वडापाव घेऊन येतो. मोठा कॅम म्हणजे जास्त वेळ उघडं राहणारं दार. आरपीएम जास्त असतील तर त्याचा फायदा होतो. कमी असतील तर आत आलेली हवा वर येणारा पिस्टन पुन्हा बाहेर ढकलतो, आणि आवळायलाच हवा कमी पडते. वरचं मिळवण्यासाठी खालचं द्यावं लागतं. कॅम बनवणारा कितीही हुशार असला तरी हा व्यवहार टळत नाही, फार तर भाव थोडा बरा मिळतो.

पॉन्टियॅकच्याच जुन्या कॅमची उदाहरणं घेऊ. रस्त्यावरच्या तेज इंजिनांत वापरलेला ‘०६८’ हा कॅम इन्टेक व्हॉल्व्ह २८८ अंश आणि एक्झॉस्ट ३०२ अंश उघडा ठेवतो. १९६९ च्या ‘रॅम एअर ४’ या गाजलेल्या इंजिनातला ‘०४१’ हा ३०८ आणि ३२० अंश. दुसऱ्याचं नाव घेतलं की जुन्या गाड्यांच्या मंडळींचे डोळे चमकतात. पण कंपनीचे त्या काळचे आकडे समोर ठेवा. रॅम एअर ४ ला ३७० हॉर्सपॉवर, म्हणजे साध्या ४०० पेक्षा वीस जास्त. टॉर्क तोच, ४४५. फरक एवढाच की साध्या इंजिनात तो ३००० आरपीएमला मिळतो आणि रॅम एअर ४ मध्ये ३९०० ला. (रॅम एअर ४ चे हेड आणि मॅनिफोल्डही वेगळे होते, आणि खरी ताकद छापील आकड्याहून जास्त होती असं जाणकार म्हणतात. म्हणू देत. ती ताकद कुठल्या आरपीएमला मिळते, हा माझा प्रश्न तरीही उरतोच.)

म्हणून मी मित्राला पहिल्या पत्रात कॅमबद्दल चकार शब्द लिहिला नाही. त्याला तीन गोष्टी विचारल्या: मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर काय, गिअरबॉक्स कुठला, आणि चाकाची उंची किती. उत्तर आलं: ३.५५, चार गिअरचा मन्सी ज्याचा पहिला २.५२ आणि दुसरा १.८८, चाक साधारण २६ इंच. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चौथ्या गिअरमध्ये ताशी ६० मैलांना इंजिन सुमारे २७५० आरपीएमवर असेल. पाइक्स पीकच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २५ मैलांना सुमारे २१५०. आणि तिथल्या उलट्या वळणांवर, वेग १५ मैलांवर आला की, जेमतेम १३००. या गाडीचं उरलेलं आयुष्य १३०० ते ३५०० च्या मध्ये जाणार आहे. धाकट्याला हवा असलेला कॅम खऱ्या अर्थाने जागा होतो तो साधारण तीन हजारांच्या पुढे. उलट्या वळणावर शेजारी वडील बसलेत, मागे पर्यटकांच्या गाड्यांची रांग आहे, आणि इंजिन आचके देतंय. साडेचारशे हॉर्सपॉवर अशा वेळी कुठल्या कामाची?

माझ्या फौजी नजरेला यात नवल वाटत नाही. मी ईएमईचा माणूस. एनडीएतून बाहेर पडल्यापासून दोन दशकांहून जास्त काळ दुसऱ्यांनी चालवलेली वाहनं दुरुस्त करण्यात गेला. जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीतली जोंगा ज्यांनी चालवली असेल त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. ३९५६ सीसीचं निसानचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, हॉर्सपॉवर ११० च्या आसपास. आज एखादी बऱ्यापैकी हॅचबॅकही एवढी ताकद सांगते. पण जोंगाला पहिल्या गिअरमध्ये टाकून ॲक्सिलरेटरला जवळजवळ न शिवता दगडधोंड्यांच्या नाल्यातून काढता येत असे. आमचे एक सुभेदार साहेब म्हणायचे, ‘इंजिन वो अच्छा जो ड्रायवर को सोचने का टाइम दे.’ कमी आरपीएमचा टॉर्क म्हणजे तो टाइम.

आता उंची. मित्राने मला विचारलं त्याचं खरं कारण तेच. मी लडाखमध्ये वर्कशॉप सांभाळलंय हे त्याला माहीत आहे. कोलोरॅडो स्प्रिंग्ज समुद्रसपाटीपासून सुमारे १८४० मीटरवर आहे, पाइक्स पीकचं शिखर ४३०० मीटरवर. लेह साधारण ३५०० वर येतं. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास राहतो, आणि टर्बो नसलेलं प्रत्येक इंजिन त्याच प्रमाणात दमतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या जिप्सी खारदुंग ला चढताना काळा धूर ओकायच्या, कारण हवा विरळ झाली तरी कार्ब्युरेटर पेट्रोल जवळजवळ तेवढंच पाजत राहतो. पाइक्स पीकच्या माथ्यावर दाब समुद्रकाठच्या सुमारे ५८ टक्के उरतो. म्हणजे ३५० हॉर्सपॉवरचं इंजिन तिथे दोनशेच्या आसपासचं होतं. आधीच मुठीत मूठभर हवा, आणि मोठा कॅम त्यातलीही थोडी परत बाहेर ढकलणार.

कारागीर देणार असलेला तो कागदही इथेच तपासायला हवा. इंजिन डायनामोमीटरवर चढवून मोजतात तेव्हा मिळालेला आकडा प्रमाणित हवामानाला धरून दुरुस्त करतात, म्हणजे जवळजवळ समुद्रकाठच्या दाबाला. एरवी ही पद्धत योग्यच, नाहीतर दोन गावांतल्या इंजिनांची तुलनाच करता येणार नाही. पण १८४० मीटरवर राहणाऱ्या माणसाला ‘साडेचारशे’ असं छापून मिळेल तेव्हा त्याच्या गॅरेजात प्रत्यक्षात साडेतीनशे-पावणेचारशे उभे असतील. कागद खोटा नाही. तो समुद्रकाठच्या कुणासाठी तरी छापलेला आहे.

माझ्या लेखी या वादाचा निकाल ब्रेकवरच लागतो. मित्राच्या गाडीला पॉवर ब्रेक आहेत, आणि त्यांना मदत मिळते ती इंजिनाच्या व्हॅक्यूममधून. साधा कॅम असलेलं निरोगी इंजिन समुद्रसपाटीवर नुसतं चालू उभं असताना १७-१८ इंच पाऱ्याचा व्हॅक्यूम देतं. मोठ्या कॅममध्ये दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढतो, आणि तो व्हॅक्यूम १०-११ वर येतो. हे झालं खाली. व्हॅक्यूम म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या दाबातला फरक, आणि पाइक्स पीकवर बाहेरचाच दाब साडेसतरा इंचांच्या आसपास असतो. साध्या कॅमलाही तिथे उभ्या इंजिनावर पाच-सहा इंच मिळाले तरी खूप. मोठ्या कॅमला जवळजवळ काहीच नाही.

उतारावर गाडी गिअरमध्ये असेल आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असेल, तर इंजिन बऱ्यापैकी व्हॅक्यूम ओढतं, हे मान्य. पण वळणावर क्लच दाबला, रांगेत थांबलात, पुन्हा दोन-तीनदा ब्रेक दाबलात की साठा संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. त्या डोंगरावरून उतरताना ग्लेन कोव्ह नावाच्या ठिकाणी रेंजर प्रत्येक गाडी थांबवून ब्रेकचं तापमान तपासतात, तापले असतील तर बाजूला उभं करतात. उगाच नाही तपासत. म्हणून कॅम कुठलाही घेतला तरी विजेवर चालणारा वेगळा व्हॅक्यूम पंप बसवायचा, असं मी लिहिलं. त्यावर धाकट्याचं म्हणणं, की पंपच बसवायचा तर मोठा कॅम का नको? पंप ब्रेकला मदत करेल. १३०० आरपीएमवर आचके देणाऱ्या इंजिनाला कुठला पंप मदत करणार?

धाकट्याचा एक मुद्दा मात्र मला सहज झटकता येत नाही, आणि तो आहे आवाजाचा. मोठ्या कॅमचं व्ही-८ इंजिन उभ्या गाडीत लंगडत चालतं. धक-धक, थांबल्यासारखं, पुन्हा धक-धक. अख्खी गाडी हलते. लेव्हनवर्थजवळच्या एका गावात शनिवारी संध्याकाळी जुन्या गाड्या जमायच्या, तिथे हा आवाज ऐकून मीही बर्गर हातात धरून उभा राहिलोय. मसल कार ही मुळात हिशेबी माणसाची गाडीच नव्हे. पंचवीस मैलांच्या कामासाठी साडेसहा लिटरचं इंजिन बाळगणाऱ्याला व्हॅक्यूमचं गणित सांगणं म्हणजे लग्नाच्या वरातीत पेट्रोलचा खर्च काढणं. एखाद्याला शनिवारच्या त्या गर्दीसाठी किंवा पाव मैलाच्या शर्यतीसाठी गाडी बांधायची असेल, तर मोठा कॅम खुशाल घ्यावा. मग त्याबरोबर ॲक्सल, कॉम्प्रेशन, व्हॉल्व्हच्या स्प्रिंग, एक्झॉस्ट, ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर, सगळंच त्या कॅमच्या मापाने घ्यावं. नुसता कॅम मोठा आणि बाकी सगळं जुनं, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दुर्दैवाने सर्वात जास्त गाड्या याच प्रकारच्या भेटतात.

पण ही गाडी कुणाची आहे? म्हाताऱ्याच्या कानात जो आवाज आहे तो १९६८ साली शोरूममधून बाहेर पडलेल्या गाडीचा आहे. ती कधीच लंगडत नव्हती. ती जाड, सपाट, खर्जातल्या आवाजात चालायची. वीस वर्षांनी ताडपत्री काढून त्यांना दुसऱ्याच गाडीचा आवाज ऐकवायचा असेल तर निदान त्यांना विचारून तरी ऐकवा. असं मी जरा स्पष्टच लिहिलं. भावाभावांच्या वादात परदेशी माणसाने किती स्पष्ट लिहावं हा प्रश्न आहेच, पण मित्राने सल्ला मागितला होता, निरोप्या मागितला नव्हता.

मग इंजिन बांधायचं कसं? पैसा ताकदीवर खर्च करायचाच असेल तर तो आकारमानावर करावा, कॅमवर करू नये. ४०० च्या त्याच ब्लॉकमध्ये ३.७५ इंच स्ट्रोकच्या क्रँकऐवजी ४.२५ इंचांचा क्रँक घालता येतो. सिलिंडर घासून बोअर ४.१५५ इंच केला की आकारमान ४६१ घन इंच होतं, साडेसात लिटरहून थोडं जास्त. बाहेरून काही दिसत नाही. हा पॉन्टियॅकवाल्यांचा जुनाच डाव आहे, वँगर्सच्या ४२१ चा धाकटा भाऊ म्हणा. यातून मिळणारा टॉर्क १३०० आरपीएमलाही मिळतो आणि ४५०० लाही. शिवाय मोठ्या सिलिंडरला तोच कॅम लहान वाटतो, त्यामुळे धाकट्याच्या आवडीकडे अर्धं पाऊल टाकता येतं. १९७० साली पॉन्टियॅकने स्वतः हेच केलं होतं. जीटीओला ४५५ घन इंचांचं इंजिन दिलं, हॉर्सपॉवर ३६०, रॅम एअर ४ पेक्षा दहाने कमी, पण टॉर्क ५०० पाउंड-फूट. रस्त्यासाठी मी डोळे मिटून ते घेईन.

कनेक्टिंग रॉड मात्र बदलायलाच हवेत, क्रँक जुना ठेवला तरी. पॉन्टियॅकने त्या काळी ओतीव रॉड वापरले, आणि पन्नासहून जास्त वर्षांच्या ओतीव रॉडवर विश्वास ठेवून वडिलांना डोंगरावर न्यायचं नाही. फोर्ज केलेले घ्यावेत. पॅनखाली दिसत नाहीत, कागदावर हॉर्सपॉवर वाढवत नाहीत, म्हणून लोक त्यांच्यावर पैसे घालायला कां-कूं करतात.

कॉम्प्रेशनचं गणित तिथल्या पेट्रोलवरून ठरतं. १९६८ च्या जीटीओचं मूळ कॉम्प्रेशन १०.७५ होतं, पण तेव्हा पंपावर शिसं घातलेलं उंची पेट्रोल मिळायचं. कोलोरॅडोत आज साधं पेट्रोल ८५ ऑक्टेनचं आणि चांगलं ९१ चं. आपल्या वाचकांसाठी सांगतो, अमेरिकेत ऑक्टेन मोजायची रीत वेगळी आहे, त्यांचं ९१ म्हणजे आपल्या पद्धतीने साधारण ९५-९६. विरळ हवेत इंजिनात दाब कमी होतो, त्यामुळे तिथे थोडं जास्त कॉम्प्रेशन चालून जातं. पण हीच गाडी उद्या जुलैच्या उन्हात कॅन्ससला उतरली तर? बिडाच्या हेडना साडेनऊच्या आसपास ठेवावं. खोलगट माथ्याचे पिस्टन घेतले की तेवढं येतं.

आणि शेवटी, सगळं ठरल्यावर, कॅम. ०६८ च्या जवळपासच्या मापाचा, पण रोलर लिफ्टरचा. जुना कॅम सपाट बुडाच्या लिफ्टरवर घासत चालतो. त्याला तेलात जस्त आणि फॉस्फरसची संयुगं लागतात. आजच्या तेलांत ती कमी केलेली आहेत, कारण फॉस्फरसमुळे गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतात. असा कॅम बसवला की पहिल्यांदा सुरू केल्यापासून वीस-तीस मिनिटं इंजिन दोन ते अडीच हजारांवर सलग चालवावं लागतं, आयडलवर सोडायचंच नाही. तेवढ्यात काही बिनसलं तर कॅमची लोब झिजते आणि लोखंडाचा कीस तेलाबरोबर नव्या बेअरिंगांत जातो. अख्खं इंजिन पुन्हा उघडा. रोलर महाग पडतो, हे खरं. मूळ गाडीत नव्हता, म्हणून शुद्धतावादी नाक मुरडतील, हेही खरं. पण पुढच्या सप्टेंबरची गाठ आहे, इंजिन दोनदा उघडायला वेळ नाही.

मूळचा रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्ब्युरेटर कुणी काढून फेकायला सांगेल, तो अजिबात काढू नकोस, असंही लिहिलं. त्याची पुढची दोन तोंडं लहान आहेत आणि मागची दोन मोठी. हळू चढताना गाडी लहान तोंडांनी नीट श्वास घेते. लोक त्याला शिव्या देतात, कारण तो जुळवायला धीर लागतो.

यावर धाकट्याचं उत्तर अजून आलेलं नाही. मित्राने कळवलंय की हेड अजून मशीन शॉपमध्ये आहेत, क्रँकची मागणी दिली, कॅमची दिलेली नाही. वडिलांना त्याने दोन्ही पर्याय समजावून सांगितले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की हीटर चालेल ना, वर गार असतं. हीटरची नळी मी यादीत घातली नव्हती. काल घातली. सोबत हेही, की गावातल्या उंचीला जुळवलेले जेट आणि मीटरिंग रॉड बसवून निघायचं, एक बारीक संच डिकीत ठेवायचा, टायमिंग दोन-चार अंश पुढे घ्यायचं, आणि निघण्याच्या आठवडाभर आधी एकट्याने ग्लेन कोव्हपर्यंत एक फेरी मारून यायची, परत येताना रेंजरकडून ब्रेकचं तापमान लिहून घ्यायचं.